बोडकी टेकडीवरचे दगड

"पानी गरम हाये जी, पन गोड हाये," म्हणत दसरू मडावीने भोपळ्याचा तुंबा माझ्यापुढे धरला.

सकाळचे दहाच वाजले होते, पण वैशाखातले दहा. बोडकी टेकडीच्या चढावर आम्ही चौघे उभे होतो. मी, कोसंबटोल्याहून आणलेले दोन दोरीवाले मजूर आणि हा साठीचा चौकीदार. मी गटागटा पाणी प्यायलो आणि तुंबा मजुरांकडे केला. दोघांनीही हात मागे घेतले.

"का रे, तहान नाही?"

"तहान हाये जी. पन याच्या हातचं पानी गावात कोनी पेत नाही."

त्यातला एक दसरूसमोरच बोलला. दसरूने तुंब्याला बूच लावलं आणि तो खांद्याला अडकवला. गेल्या सहा-सात वर्षांत त्याला याची सवय झाली असावी.

हे सगळं छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचं. मी चोवीस वर्षांचा होतो, जंगलखात्याच्या मोजणी तुकडीत लागून आठ महिने झाले होते आणि अजून कायम व्हायचो होतो. काम तसं सोपं. एखादं जंगल तुटून, चरून उजाड झालं की खातं ते काही वर्षं बंद करतं. आत गुरं नाहीत, आग नाही, कुऱ्हाड नाही. मग एक दिवस माझ्यासारखा कुणी तरी दोरी घेऊन जातो आणि आपोआप नवीन रोपं उगवताहेत का ते मोजतो. पुरेशी असली तर ते जंगल तसंच वाढू द्यायचं. नसली तर उरलंसुरलं तोडून, जमीन नांगरून साग लावायचा, ओळीने. ठरवणारा कागद एकच, त्यावर सही माझी. देशातलं जंगल अशा चोवीस वर्षांच्या पोरांच्या सह्यांवर इकडचं तिकडे होतं हे तेव्हा लक्षात आलं असतं, तर माझी छाती दोन इंच फुगली असती. इतका मी शहाणा होतो.

बोडकीचा बंद भाग अकरा हेक्टरचा. नावाप्रमाणेच उघडी टेकडी, मुरमाड. माथ्यावर तेवढी बारा जुनी झाडं उभी होती, बिजा, ऐन आणि दोन मोह. बाकी वाळलेलं गवत. आणि दगड.

दगड मी पहिल्या दहा मिनिटांतच पाहिले. मुठीएवढे, साधे, काळपट. पण ते पडलेले नव्हते, ठेवलेले होते. इथे एक, चार हातांवर दुसरा, मग दहा हातांवर तीन जवळजवळ. सगळ्या टेकडीभर. प्रशिक्षणात आम्हाला एका मास्तरांनी बजावलं होतं की गोंडांच्या मुलखात रानातल्या देवाला वाटसरू दगड वाहतात, त्याला चुकूनही पाय लावू नका, नाही तर गाव तुमच्या वाऱ्याला उभं राहणार नाही. मला ते आठवलं. मी मजुरांना थांबवून सांगितलं, "हे बघा, दोरी ताणताना या दगडांना धक्का लागता कामा नये. हातसुद्धा लावायचा नाही."

दसरू एकदम माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर काय आलं ते मला आजही दिसतं. इतका वेळ चेहरा मिटून उभा असलेला माणूस, आणि हसला. पुढचे दोन दात नव्हते.

"बरं केलं जी," तो म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाला, "सायबाले समजते."

मलाही बरं वाटलं. आपण लोकांच्या चालीरीती जाणतो याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मोजणी दोन दिवसांची होती. पहिल्या संध्याकाळी मजूर गावात गेले आणि मी दसरूच्या झोपडीत राहिलो. टेकडीच्या पायथ्याशी कुडाची झोपडी, शेजारी पाण्याचा झरा, तीन कोंबड्या. त्याने मला आंबील दिली आणि स्वतः समोर उकिडवा बसला. बोलायला लागला तेव्हा शब्द अडकत अडकत येत होते.

"बोलाची सवय गेली जी. या सालात तुमी चौथे मानूस, माह्यासंग बोलनारे. एक जंगलाचे शिपाई, ते दोनदा आले."

"ते दोनदा आले तरी एकच माणूस झाला ना?"

"मी दोन धरले," तो म्हणाला. "मंग एक आंधरा म्हातारा वाट चुकला होता. आन तुमी."

गावाने त्याला का टाकलं ते त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तेव्हाच्या रेंजरने त्याला चौकीदार नेमलं आणि सांगितलं, दसरू, एवढं राखलंस तर इथे जंगल आपोआप उभं राहील, कुणी लावायची गरज नाही. ते पास झालं की त्यातला मोह, त्यातली चारोळी तुझ्या गावाची. दसरूने शब्द दिला. पहिल्या दोन वर्षी शेजारच्या रानातून आग आत आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो एकट्याने टेकडीभोवती जाळरेषा, आग अडवणारा उघडा पट्टा, साफ करायचा. गावची गुरं आत आली की हाकलायचा. ऐकलं नाही की कोंडवाड्यात घालायचा. तिसऱ्या वर्षी ऐन पेरणीत त्याने सख्ख्या भावाची बैलजोडी कोंडवाड्यात नेली. बैल सुटेपर्यंत पाऊस उघडला, भावाची पेरणी हुकली. पंच बसले आणि दसरूचं पाणी बंद झालं. मुलगा चुलत्याकडे राहायला गेला. बायको आधीच वारली होती.

"मी पंचाले म्हनलं," दसरू सांगत होता, "जंगल पास होऊ द्या. मंग तुमीच पाहा. पास झालं का मी गावजेवन देतो, अन् जातीत येतो. पंच म्हनले, बरं. पास होऊ दे."

"म्हणजे नऊ वर्षं तू त्याचीच वाट पाहतोयस?"

"तुमचीच जी," तो म्हणाला.

मी आंबील संपवली आणि भांडं खाली ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी जरा संकोचल्यासारखं झालं, आणि लगेच दुसऱ्या दिवशीच्या बसचा विचार डोक्यात आला. मला परवा पुलगावला मुलगी पाहायची होती. मामांनी ठरवलं होतं. उद्या चारची बस फाट्यावर पकडली तरच वेळेत पोहोचलो असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही भराभर चौकोन टाकत गेलो. खुंट्या ठोकून दोरीने दहा मीटरचा चौकोन आखायचा, आत ओणवं फिरून जिवंत रोपं मोजायची, आकडा लिहायचा. चौकोनात गवत होतं, काडेपेटीतल्या काडीएवढी वाळकी खुंटं होती आणि ते दगड होते. हिरवं पान नव्हतं. शून्य. पुढचा चौकोन, शून्य. एका ठिकाणी झऱ्याच्या ओलीवर मोहाची दोन रोपं सापडली. मग पुन्हा शून्य.

चौदाव्या चौकोनाला दसरू माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं.

"हे गोल गोल कायले काढून रायले जी?"

"गोल म्हणजे शून्य. काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही. तूच बघ की. आहे का एक तरी रोप?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग चौकोनाकडे. मग म्हणाला, "दगड मोजा ना जी."

"काय?"

"दगड मोजा सायब. म्या तं..."

मला हसू आलं. मजूरही हसले, कारण मी हसलो. मी म्हटलं, "दसरू, देव मोजायचे नसतात. मी झाडं मोजायला आलोय."

"देव?" तो गोंधळला. "देव नाही जी. पावसाड्यात..." त्याने खाली बसून एका दगडाजवळची वाळकी काडी दोन बोटांत धरली. "याले पाहा."

मी घड्याळात पाहिलं. पावणेदोन. अजून सहा चौकोन बाकी होते आणि फाटा दीड तासावर. मी वाकून ती काडी ओढली. ती कट्‌कन तुटली आणि माझ्या हातात आली. आतून कोरडी ठणठणीत.

"हे बघ. मेलेलं."

"वर मेलं जी..."

"चला रे, पुढचा चौकोन," मी मजुरांना म्हणालो.

उरलेले सहा चौकोन मी वाकूनही नीट पाहिले नाहीत. निघताना दसरूने पुन्हा तुंबा पुढे केला आणि विचारलं, "पास होईन ना जी?"

"बघू, वरचे ठरवतील," मी म्हटलं. वरचे माझ्या आकड्यांवरूनच ठरवणार होते हे मला ठाऊक होतं.

पुलगावच्या मुलीने मला नापसंत केलं. मुलगा जंगलात असतो, मग मी काय माकडांशी बोलू, असं तिने तिच्या आईला विचारलं म्हणे. त्यात चूक काही नव्हती.

सोमवारी रेंज ऑफिसात मी तक्ता भरला. आमचे रेंजर मुक्कावार साहेब सज्जन आणि थकलेले गृहस्थ होते. कागदावर नजर टाकून म्हणाले, "तारीख अशी टाकू नकोस. मोजणीचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. आपल्याला जीप मिळाली नाही म्हणून उशीर झाला, ते वरच्यांना सांगत बसायचं का? गेल्या वर्षीची बावीस ऑक्टोबर टाक. सगळेच टाकतात."

मी बावीस ऑक्टोबर टाकली. वीस चौकोन, रोपं दोन. शेरा लिहिला, 'नैसर्गिक पुनरुत्पादन नाही.' खाली सही केली. माझी सही त्या काळी फार वळणदार होती.

भाद्रपदात मंजुरी आली. बोडकी साफ करून साग लावायचा. माथ्यावरच्या बारा झाडांवर तोडायची खूण म्हणून खात्याचा हातोडा उमटवायचा होता आणि त्या कामाला मला आणि बीटच्या शिपायाला पाठवलं. आम्ही सकाळी पायथ्याशी पोहोचलो. मी वर पाहिलं आणि वाटलं, टेकडी चुकली.

गवत कमरेएवढं, हिरवंगार. आणि गवतात रोपं. सगळीकडे. बिजाची गोलसर पानं, ऐनाची लांबट, मोहाचे तांबूस शेंडे. गुडघ्याएवढी, काही मांडीएवढी. पानं तळहाताहून मोठी होती, पहिल्या पावसाच्या रोपाला एवढं पान येत नाही. मी एका रोपाशी वाकून गवत बाजूला केलं. बुडाशी दगड होता. पुढच्या रोपाशी वाकलो. दगड. तिथून उठून मी दहा-बारा रोपांशी जाऊन पाहिलं. प्रत्येकाच्या बुडाशी, टेकडीच्या उताराच्या बाजूला, एक दगड ठेवलेला.

दसरू वरून उतरत येत होता. घाई नव्हती त्याला.

"आता मोजा जी," तो म्हणाला. "आता दिसते."

त्याच्याकडे सब्बल होती. मी हात पुढे केला, त्याने दिली. एका बिजाच्या रोपाच्या कडेने मी खणत गेलो. वर रोप करंगळीएवढं बारीक होतं. खाली मूळ माझ्या मनगटाएवढं निघालं, आणि हातभर खणलं तरी ते खालीच चाललं होतं.

"हे सात सालाचं हाये," दसरू म्हणाला. "दर साली उनाड्यात वरचं मरते, खाली वाढते. मुरूम हाये ना जी, पानी खोल हाये. मूळ पान्यापाशी पोचलं का मंग वरचं मरत नाही. मंग सिधा सोटाच निघते. दोन सालात डोक्याच्या वर."

"आणि दगड?"

"दोन पावसाडे ज्यानं काढले त्याले मी दगड लावतो. उनाड्यात कोनाले दिसत नाही ना. मोजाले सायब येनार, कवा येतीन माहीत नाही. म्हनून लावून ठेवले."

मी मे महिन्यातल्याच एका चौकोनाच्या खुंट्या शोधून काढल्या आणि आतली रोपं मोजली. तेवीस. त्याच चौकोनात मी शून्य लिहिलं होतं. मग मी तिथेच गवतात बसलो. माझ्या हाताला माती लागली होती, ती मी पँटला पुसत राहिलो.

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज माझा चढला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसा.

दसरू उघड्या पडलेल्या मुळावर माती लोटू लागला. "तुमाले समजते वाटलं जी. तुमीच तं आल्या आल्या म्हनले, दगडाले हात लावू नोका."

त्या दिवशी मी हातोडा उमटवला नाही. शिपायाला म्हटलं, पाऊस फार आहे, नंतर बघू. पाऊस नव्हताच. तडक रेंज ऑफिसात गेलो आणि मुक्कावार साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग फाइल काढली, माझा तक्ता काढला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"मे महिन्यात शून्य, असं लिहिलं असतंस, तर वरच्या कुठल्याही साहेबाने हसून कागद परत पाठवला असता. मेमध्ये बोडकीवर काय दिसणार? पण तू लिहिलंयस ऑक्टोबर. ऑक्टोबरात शून्य म्हणजे शून्यच."

"तारीख तुम्ही सांगितलीत साहेब."

"सांगितली," ते शांतपणे म्हणाले. "लिहिली तू." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू अर्ज दे. मोजणी उन्हाळ्यात झाली, तारीख खोटी आहे, पुन्हा मोजावी. मी तो पुढे पाठवतो, अडवणार नाही. चौकशी लागेल, दोघांचीही. मला रिटायर व्हायला चार वर्षं आहेत आणि तुला कायम व्हायला चार महिने. मी म्हातारा आहे, माझं निभेल कसंही. तुझं तू ठरव."

मी अर्ज लिहिला. त्याच संध्याकाळी, खोलीवर बसून, एकही खाडाखोड न करता. चांगला झाला होता. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या देऊ म्हटलं. उद्या साहेब दौऱ्यावर होते. परवा मी तापाने पडलो, खरोखरच पडलो. मग दसरा आला. आईचं पत्र आलं, तुझी नोकरी कायम झाली की वडिलांच्या फोटोला हार घालीन. शर्ट बदलला की अर्ज आठवणीने नव्या शर्टात ठेवत होतो, इतका मी काळजी घेत होतो त्याची. हातोडा दुसऱ्या कुणी तरी उमटवला. मुक्कावार साहेबांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. ते रोज माझ्याकडे एकदा पाहायचे आणि मान खाली घालून कामाला लागायचे. जानेवारीच्या एक तारखेला मी कायम झालो.

बोडकीची तोड पौषात झाली. माघात मी तिथे गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, माझा मीच गेलो. अर्ज खिशात होता. आता त्याचा काय उपयोग होता, देव जाणे.

बारा झाडांची बारा खुंटं माथ्यावर होती. गवत, रोपं, सगळं कापून जाळून टेकडी साफ केली होती. काळ्या जमिनीवर दगड मात्र जिथल्या तिथे उभे होते, जास्तच उठून दिसत होते. आणि दसरू टोपली घेऊन ते वेचत होता. एक उचलायचा, टोपलीत टाकायचा, पुढे जायचा. टोपली भरली की खालच्या कोपऱ्यावर, जुन्या हद्दीच्या खुणेपाशी नेऊन ओतायचा. तिथे ढीग माझ्या छातीला लागत होता.

"काय करतोयस दसरूबाबा?" मी विचारलं. 'बाबा' पहिल्यांदाच तोंडून निघालं.

"चैतात टॅक्टर येनार म्हनते जी, नांगराले. फाळ तुटन दगडानं."

"तुटू दे की."

"टॅक्टरवाल्याचा काय गुना हाये?" तो म्हणाला आणि पुढच्या दगडाकडे वळला.

मी त्याच्यामागे चालत राहिलो. शेवटी म्हटलं, "बाबा, मी खोटी तारीख लिहिली."

"म्हन्जे?"

"मी आलो उन्हाळ्यात. कागदावर लिहिलं, पावसाळा संपल्यावर आलो. म्हणून वरच्यांना वाटलं, इथे खरंच काही नाही."

तो थांबला. हातातला दगड त्याने उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं आता शिवी देईल. द्यावी असं मला फार वाटत होतं.

"मले वाटलं, माझंच मोजनं चुकलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मंग तुमी पावसाड्यावरच याले पायजे होतं ना जी."

एवढंच. त्याने दगड टोपलीत टाकला. मी त्याच्या हातातून टोपली घेतली, ती त्याने दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी दगड वेचले. निघताना त्याने तुंबा पुढे केला आणि मी पाणी प्यायलो. अर्ज मी वाटेत फाडला. त्यानंतर मी बदली मागून घेतली आणि त्या भागात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

नोकरी पुरी झाली. बढत्या मिळाल्या, चांगल्या मिळाल्या. लग्न झालं नाही, पुलगावनंतर दोन-तीनदा मुली पाहिल्या आणि मग मामाच थकले. आता नागपुरात दोन खोल्यांत एकटा राहतो. शेजारी भले आहेत, जिन्यात नमस्कार करतात. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की आज आपण कुणाशी बोललोच नाही, आणि मग मोजतो, या आठवड्यात किती जण झाले. दूधवाला दोनदा आला तर दोन धरतो.

देशाच्या जंगलाचे आकडे येतात ते मी अजून काढून वाचतो. खोड जात नाही. त्यात आपोआप वाढलेल्या जंगलाचा एक रकाना असतो आणि माणसांनी लावलेल्याचा दुसरा. लोक बेरीज बघतात. मी बेरीज बघत नाही. पहिल्या रकान्यातले अकरा हेक्टर मी दुसऱ्यात टाकले आहेत, बेरजेत ते दिसणार नाहीत.

गेल्या फाल्गुनात मी बोडकीला गेलो. आता फाट्यापासून डांबरी रस्ता आहे. टेकडी बोडकी राहिलेली नाही. साग उभा आहे, सरळ, ओळीत, कुठूनही पाहिलं तरी आरपार दिसणारा. खाली वाळलेली पानं, चाललं की पापडासारखी मोडतात. दुसरं झाड नाही, झुडूप नाही. उभं राहून कितीतरी वेळ मी पाखराचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. झोपडीच्या जागी काही नव्हतं. झराही आटला होता.

ढीग मात्र होता. खालच्या कोपऱ्यावर, हद्दीच्या खुणेपाशी. थोडा पसरला होता, वर सागाची पानं साचली होती.

चाळिशीची एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन तिथून चालली होती. मी तिला विचारलं, दसरू मडावी म्हणून इथे चौकीदार होते, माहीत आहेत का.

"माझ्या आजसासऱ्याचा भाऊ होता म्हनते जी. मी नाही पाह्यला. येडा होता म्हनते. दगड वेचे."

"त्यांना गावाने परत घेतलं का? पंचांनी?"

"मेल्यावर घेतलं जी," ती म्हणाली. "मेल्यावर सगळ्यायलेच घेतात."

मी ढिगावरची पानं हाताने बाजूला केली. मग खाली बसलो आणि वरचा पहिला दगड उचलून उजवीकडे ठेवला. दुसरा ठेवला. शंभर झाले की एक काडी मोडून शेजारी ठेवायची, ही आमची जुनी पद्धत. बाई गेली नव्हती, मोळी सावरत उभीच होती. ऊन कलेपर्यंत मी आठ काड्या ठेवल्या होत्या आणि ढीग अजून तसाच दिसत होता. लाकडं गावात टाकून ती परत आली तेव्हा नववी काडी होत आली होती.

"काय करून रायले जी?" तिने विचारलं. "दगड कायले मोजता?"

मी उत्तर दिलं नाही. बोललो असतो तर आकडा चुकला असता.